जित्या कातड्याचं पारणं

पूजा आटोपली की शालन सातपुते दुकानाचं शटर वर करायची आणि सगळ्यात आधी पेजेचं पातेलं हातात घ्यायची. गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत तिचं आणि रंगरावांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, गाड्यांच्या सीटा दुरुस्त करायचं दुकान होतं. दुरुस्त होऊन मालकाची वाट बघत बसलेल्या सीटांवरून ती पेजेत भिजवलेलं फडकं फिरवायची. कातडं पेज सावकाश पिऊन घ्यायचं आणि त्यावर शहारा आल्यासारखी बारीक लकेर उठायची. घरातल्या साऱ्या जिवांच्या मुखी घास पडल्याशिवाय आपण खायचं नाही, हा शालनचा लग्नाआधीपासूनचा नेम. पूर्वी त्यात गाय आणि मांजर असायची. आता सीटाही आल्या होत्या.

गाड्यांत जनावरांचं कातडं घालणं बंद होऊन पंधरा वर्षं झाली होती. त्याच्या जागी सजीव चर्म आलं. बुरशीच्या तंतूंची जाळी विणायची, तिच्यावर कातडीच्या पेशी वाढवायच्या, की झालं. दिवसातून एकदा पोषणद्रव चोळला की पुरे. ओरखडा पडला तर ते आपला आपण भरून काढायचं, आणि बसणाऱ्याच्या अंगाचं वळण घ्यायचं. कंपन्यांनी त्याला भारी भारी नावं दिली. कोल्हापुरात त्याला जितं कातडं म्हणत, आणि पोषणद्रवाला पेज.

एके दिवशी दारात एक जुनी निळी गाडी येऊन थांबली. उतरलेली मुलगी पंचविशीच्या आतली होती, डोळे जागरणानं ओढलेले.

"ताई, मी वैदेही इंगवले. ड्रायव्हरची सीट तेवढी बघता का? कंपनीवाले म्हणतात, टाकून द्या."

शालननं गाडीचं दार उघडलं. आंबट वास आला. सीट ठिकठिकाणी फुगली होती, बाजूला वीतभर फाटली होती, वर दुधाचे, चहाचे डाग आणि हिरवट बुरा.

"कशानं फाटली?"

"माझे वडील, अण्णा, त्यांच्या काठीचं टोक अडकलं. जखम भरावी म्हणून मी रोज पेज घातली. दिवसातून तीनदा."

"तिथंच चुकलं बाई. आजाऱ्याला श्रीखंड-पुरी वाढलीस."

वैदेही कसनुशी हसली. "अण्णा सर्व्हेअर होते. चौदा वर्षं ह्याच गाडीनं गावोगाव फिरले. आता काही आठवत नाही त्यांना, मीसुद्धा नाही. फक्त ह्या सीटवर शांत बसतात आणि दोन घास खातात. सीट बिघडल्यापासून धड जेवलेले नाहीत. नवी आणून बघितली, उठून गेले."

शालननं सीटच्या मधल्या खोलगट भागावर तळहात टेकवला. चौदा वर्षांच्या बसण्यानं पडलेला आकार तो.

"हिला उपास घालावा लागेल."

"उपास?"

"अगं, उपाशी ठेवलं की कातडं आपली घाण आपणच खातंय. विद्यापीठातले एक सर भिंग घेऊन बघून गेले. स्वभक्षण म्हणाले त्याला. आधी परकं खातं, मग आपलं झिजलेलं, आणि त्यातनंच नवं विणतं. आम्ही एकादशी करतो ती काय उगाच?"

"आणि आकार?"

"तेवढंच भय. वेळ टळली तर आकारबी खाऊन टाकतं. एका मास्तरांची सीट मी अशीच घालवली. कोऱ्या पाटीगत झाली. मला दोन वर्षं ती पाटी दिसत होती."

वैदेहीनं डाव्या कडेवरचा तळहाताएवढा काळपट डाग दाखवला. "करा. पण हा आधी घालवा. कधीचा आहे कुणास ठाऊक, फार घाण दिसतो."

गाडी दुकानातच ठेवून सीट उतरवून घेतली. रंगरावांनी फाटलेल्या कडा विरघळणाऱ्या दोऱ्यानं जवळ आणल्या. पाण्यानं पुसून शालननं सीट वाऱ्याला ठेवली आणि तिच्यापुरतं पेजेचं पातेलं झाकलं.

"म्हणजे आता तूबी उपाशी," रंगराव म्हणाले.

"नेम म्हणजे नेम. दूध घेते की."

"सीटला विचार, साबुदाण्याची खिचडी चालंल का. दोघींची मिळूनच करतो."

"तुम्ही भाकरी खावा मुकाट्यानं," म्हणत ती हसली.

पहिल्या दिवशी सीटला ओल्या मातीचा वास होता. फुगवटा उतरला. दुसऱ्या दिवशी ताकासारखा वास सुटला. बुरा गेला, चहाचा डाग पुसट होत होत दुपारपर्यंत नाहीसा झाला, फाटलेल्या कडांनी एकमेकींत धागे सोडले. कडेचा काळपट डाग मात्र होता तसाच. शालन तासातासाला नाक लावून बघायची. उपाशी माणसाच्या तोंडाला एक गोडसर वास येतो, तसा आला की पारणं करायचं. हे कुठल्या कंपनीच्या पुस्तकात नव्हतं. तिच्या स्वतःच्या पोटात आग पडली होती, त्यावरूनच ती अदमास घेत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी देवापुढं दिवा लावताना तो वास आला. डाग अजून होता. आणखी अर्धा दिवस ठेवावी का? डाग जाईलही. पण खोलगट भागाची कड हाताला किंचित सपाट लागली. शालननं पातेल्याचं झाकण काढलं आणि पेजेचं फडकं फिरवलं. सीट शहारली.

दहाच्या सुमाराला वैदेही रिक्षानं अण्णांना घेऊन आली. रंगरावांनी सीट गाडीत बसवली होती.

"डाग तसाच राहिला," ती हळूच म्हणाली.

"सगळं खाल्लं तिनं, एवढं सोडून. ह्याला ती परकं मानत नसावी. अजून थांबले असते तर आकार गेला असता. मला धीर झाला नाही बघ."

अण्णा दारापाशी अडून राहिले. मग एक पाय आत, मग दुसरा. टेकले. पाठ विसावली आणि त्यांनी मोठा श्वास सोडला. वैदेही पलीकडून येऊन शेजारच्या सीटवर बसली, डबा उघडला, चमच्यावर मऊ भाताचा घास केला. अण्णांनी घास घेतला. दुसराही घेतला.

तिसऱ्या घासाला त्यांचा डावा हात चाचपडत आला आणि वैदेहीच्या रिकाम्या हाताचं मनगट धरलं. तिचा पंजा त्यांनी सीटच्या कडेवर नेऊन ठेवला, नेमका त्या डागावर, आणि वर आपला हात दाबला.

"घाट आला. पट्टा लाव, चिमे."

वैदेहीनं चमचा डब्यात ठेवला.

"गगनबावड्याचा घाट," ती शालनला म्हणाली. "शाळेत होते मी. वळणावर भीती वाटायची, मी हीच कड घट्ट धरून बसायची. ते वर हात ठेवायचे. मी विसरूनच गेले होते, ताई. हा आमच्या हातांचा डाग मीच पुसायला सांगितला."

तिनं पट्टा लावला. उभ्या गाडीत अण्णांनी समोर बघत डबा संपवला.

अण्णांना शेजारी बसवून वैदेही गाडी घेऊन गेल्यावर रंगरावांनी भाकरी आणि पिठलं वाढलं. तिसऱ्या दिवशीचा पहिला घास शालननं गाईसाठी बाजूला काढला. मग आपलं ताट जरा पुढं सरकवलं.

"आता काय? सगळ्यांच्या मुखी पडलं की."

"नाही हो. वाटलं, अण्णांच्या डोक्यातबी असाच कुणीतरी उपास धरलाय. एकेक खाऊन संपवतंय, आणि जे अगदी आपलं, ते शेवटाला ठेवतंय." तिनं घास मोडला. "सीटचं पारणं माझ्या हातात होतं. त्यांचं कुणाच्या हातात असंल?"