टेकडीवरची सलग भिंत

वाचून हसलात तरी चालेल. पण यात एक शब्दही माझ्या पदरचा नाही.

गेल्या थंडीतला शुक्रवार. संध्याकाळचे पावणेसहा. मी स्वतः तिथे उभा होतो.

माझी मुलगी घरांचे नकाशे काढते. टेकडीच्या उतारावर नऊ घरं बांधायची होती. गवंडी एकही नाही. मशीनचा लांब हात नळीतून सिमेंटचा माल सोडतो आणि थरावर थर चढवत जातो. ते न थांबता चालावं म्हणून तिने नऊही घरांची मागची भिंत एकच ठेवली होती. दोन पुरुष उंच, दोन्ही टोकं कातळात. टेकडीची माती तीच अडवणार होती.

मी उभा जन्म गवंडीकाम केलेला माणूस. राहवलं नाही.

"आणि पलीकडे जायला?"

"पलीकडे काय आहे बाबा? नुसतं गवत. तिकडे कोण जातंय?"

मी वर फिरून आलो. खरंच, कुणाच्या जाण्यायेण्याची खूण नव्हती.

मशीनला एक डोळा होता. हाताच्या टप्प्यात माणूस आला की ते जागच्या जागी थांबायचं.

पाचव्या घरामागे ते रोज थांबू लागलं.

सकाळी आठला एकदा. संध्याकाळी पावणेसहाला एकदा.

समोर... कुणीच नसायचं.

मशीनच्या पडद्यावर मात्र अक्षरं उमटायची. 'माणूस'. खाली एक ठिपका सरकायचा. सकाळी खालून वर. संध्याकाळी वरून खाली.

"काका, मशीनलाही चहाची तलफ येते बघा," ऑपरेटर म्हणायचा.

मुलगी हसायची नाही. मशीन थांबलं की थर वाळायचा आणि पुढचा थर त्याला धरायचा नाही. दोनदा चीर गेली, दोनदा तेवढा भाग फोडावा लागला. तिचं हे पहिलं स्वतंत्र काम. शनिवारी तपासणी होती. पुन्हा चीर दिसली असती, तर काम दुसऱ्याच्या हातात गेलं असतं.

शुक्रवारी सकाळी आठला पाचव्या घरामागच्या फोडलेल्या जागेतून ठिपका वर गेला.

दुपारी ती ऑपरेटरला म्हणाली, "डोळा बंद करा. सगळ्यांना खाली बोलवा."

"पोरी, आजचा दिवस राहू दे," मी म्हणालो. "तो अजून वरच आहे."

"तो कोण, बाबा?"



पावणेसहा वाजले. मशीन थांबलं नाही. हात पाचव्या घरामागची फोडलेली जागा बुजवत सरळ पुढे गेला. शेवटचा थर बसला. ऑपरेटरने टाळ्या वाजवल्या आणि मशीन बंद केलं.

आणि मग... भिंतीपलीकडे पाण्याच्या निचऱ्यासाठी टाकलेली खडी वाजली.

पावलं. सावकाश, दमलेली. पाचव्या घरामागे येऊन थांबली.



मग ती भिंतीच्या कडेकडेने निघाली. नवव्या घरापर्यंत. तिथून परत पहिल्यापर्यंत. पुन्हा माघारी...

"काका, वर कुणी राहिलंय का हो?" ऑपरेटर पांढराफटक पडला होता.

शिडी लावून मीच वर चढलो. नीट उजेड होता. पलीकडे गवत आणि खडी. माणूस नव्हता.

पावलं माझ्या नाकाखालून गेली.

शनिवारी भिंत पास झाली. कुठेही चीर नव्हती. सगळ्यांनी मुलीचं तोंडभर कौतुक केलं. ती मान खाली घालून ऐकत होती.

आता तिथे नऊ कुटुंबं राहतात. संध्याकाळ झाली की कुणाचा ना कुणाचा तिला फोन येतो. मागून कोण चालतंय म्हणून विचारतात.

परवा ती माझ्याकडे येऊन बसली. "बाबा, छिन्नी लावाल? एक माणूस जाईल एवढीच फट..."

"आणि टेकडी खाली आली तर?"

तिला ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

काल संध्याकाळी आम्ही दोघं जाऊन भिंतीला कान लावून उभे राहिलो.

इतके दिवस पावलं चालायची.

काल ती... धावत होती.