धाग्यावरचं बोट

चंद्राताईने चुलीपासून मान वळवली आणि तिच्या हातातली भाकरी हातातच राहिली... दारात चांगदेव! सहा वर्षांनी!

"तीन हाका मारल्या, ताई," त्याचे ओठ म्हणाले. "बाबा गेले तवा पोचलो न्हाय, त्याचा राग अजून गेला न्हाय तुझा?"

राग? कसला आलाय राग! आई गेली तेव्हा शाळा सोडून ती भिवंडीच्या कापड कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला उभी राहिली, ती या धाकट्या भावाला शिकवण्यासाठीच. तो डबा घेऊन यायचा. लूमच्या खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू येत नसे, म्हणून दोघं खुणांनी बोलत. मूठ पोटाशी नेली, की 'जेवलास का?' त्याचं इवलं बोट सुतावर ठेवून, तुटण्याआधी सूत कसं थरथरतं तेही तिनेच दाखवलं होतं. पुढे तो दूर बंगलोरला, अंतराळात जाणाऱ्या यंत्रांच्या संशोधनात रमला... आणि इकडे त्या खडखडाटाने हळूहळू तिचे कान नेले. हे कळलं असतं तर तो वेडा सगळं टाकून घरी आला असता! म्हणून दर रविवारी शेजारच्या दाजींच्या दुकानात त्याचा फोन आला, की ती निरोप धाडी, "सांगा, कामात हाय." आणि मग दिवसभर रडे.

डोळे लपवायला ती पुन्हा चुलीकडे वळली. पायाला गार पाणी लागलं म्हणून तिने पाहिलं, तर मागे पितळी तांब्या पडलेला, आणि चांगदेवचा चेहरा पांढराफटक.

"ताई... एवढा मोठा आवाज झाला गं! कधीपासून?"

"ऱ्हाऊ दे रे. तुझं काम अडलं असतं."

"आनि मी समजलो, तू मला तोडलंस!"

हुंदके देतच त्याने पिशवीतून एक फोटो काढला. लोखंडी हात, आणि त्याचं एक बोट बारीक तारेवर टेकलेलं.

"मी केलाय ह्यो. वर हवा न्हाय, आवाज न्हाय. ह्याला कान न्हाईत, ताई. तार तुटायच्या आधी ह्याला बोटानं कळतं. लोक विचारतात, कुठं शिकलास?"

चंद्राताईने आपलं घट्टे पडलेलं बोट त्या लोखंडी बोटावर ठेवलं. किती तरी वेळ ठेवलं.

मग चांगदेवने मूठ पोटाशी नेली.

तिने रडत रडत मान हलवली, नाही म्हणून, आणि दोन ताटं घेतली.

"आता रविवारी फोन नगं करूस," ती म्हणाली. "येत जा."