खुडलेला शेंडा

सुमतीबाईंनी आयुष्यात एकही रोप विकत आणलं नाही. डोंबिवलीच्या शाळेत त्यांनी निवृत्तीपर्यंत विज्ञान शिकवलं, पत्रिका जुळवणाऱ्या सहशिक्षिकांची तोंडावर टर उडवली. पण मनी प्लांट चोरूनच लावावा, विकतचा धरत नाही, हे मात्र त्या ठामपणे सांगत. दातांच्या डॉक्टरकडून, बँकेच्या पायरीवरून, व्याह्यांच्या बाल्कनीतून, जिथे जातील तिथून नखाने शेंडा खुडायचा, ओल्या रुमालात गुंडाळायचा आणि घरी येऊन बाटलीत ठेवायचा. त्यांची गॅलरी अशा चोरीच्या मालाने हिरवीगार झाली होती. "ही अंधश्रद्धा नाही, अनुभव आहे," असं त्या म्हणत.

दिवाळी झाली आणि मुलगा सलिल, सून ऋजुता आणि सहा वर्षांची नात श्रिया ठाण्याला, बाळकुमच्या नव्या टॉवरमध्ये राहायला गेले. "आई, तुम्हाला तिथे करमणार नाही," असं ऋजुता गोड आवाजात म्हणाली. सलिलने नेहमीप्रमाणे फोनमध्ये डोकं घातलं. सुमतीबाईंना ते घर बघायलासुद्धा बोलावणं आलं नाही. "घरात अजून पसारा आहे हो. रविवारी काचघरात भेटू ना. श्रियाचे प्रोग्रॅम असतात तिथे," ऋजुता फोनवर म्हणाली.

सुमतीबाईंना सुनेचा राग होता, मुलाची कीव होती. पण खरा जीव अडकला होता नातीत. श्रिया त्यांना 'सुमी' म्हणायची. ते आजोबांचं, विश्रामचं, हाक मारणं. तो गेला आणि ती हाक घरात एकट्या श्रियाच्या तोंडी उरली. आता घर बदललं, शाळा बदलली, आणि एक दिवस ही पोर आपल्याला विसरेल, ही भीती त्यांच्या मनातून जात नव्हती.

झाडांचं ते काचघर टॉवरांच्या मागे, खाडीच्या अंगाला होतं. बाहेर डिसेंबरची बोचरी हवा आणि आत ओल्या मातीचा, पिकल्या पानांचा उबदार दर्प. दर रविवारी सकाळी तिथे 'हिवाळी कुटुंबमेळा' भरायचा. बाबा लोक कुंड्या रंगवायचे, आया फोटो काढायच्या, मुलं काचेवर तोंडाची वाफ सोडून बोटाने चित्रं काढायची. श्रियाने पहिल्याच दिवशी काचेवर मोठ्ठा 'सु' काढला. सुमतीबाईंचे डोळे भरून आले.

त्या दिवशी दत्तक वेलीचा कार्यक्रम होता. काचघरात काम करणारी प्रियांका नावाची मुलगी मुलांना शिकवत होती. एका भिंतीला बारीक लव असलेल्या, बदामाच्या आकाराच्या पानांच्या वेली लावल्या होत्या.

"हिचं नाव काय?" सुमतीबाईंनी विचारलं.

"नाव नाहीये काकू. मुलं आपलंच नाव देतात." मग तिने सगळ्यांना सांगितलं, "आता वेलीच्या कानात आपल्याला सगळ्यात जास्त काय आवडतं ते सांगायचं. आणि प्लीज, इथलं काही तोडून न्यायचं नाही हं."

श्रियाने पानाला तोंड लावून बराच वेळ काहीतरी सांगितलं.

"काय गं सांगितलंस?"

"सुमी, ते सांगायचं नसतं!"

सगळे कुंड्यांकडे वळले तेव्हा सुमतीबाईंनी श्रियाच्या वेलीचा शेंडा खुडला. नातीचं काहीतरी आपल्या गॅलरीत वाढावं, एवढंच मनात होतं. खुडल्या जागी पाणी आलं, ते कोमट लागलं. पलीकडे श्रियाने मानेवर चापट मारली.

"डास," ऋजुता म्हणाली.

काचघरात त्यांना एकही डास दिसला नव्हता.

शेंडा त्यांनी लोणच्याच्या बरणीत ठेवला. बरणी गॅलरीत नको म्हणून स्वयंपाकघराच्या ओट्यावर. आठवडाभरात मुळं फुटली, पांढरी आणि नाजूक. पुढच्या रविवारी मोठ्या हौसेने त्या काचघरात गेल्या. श्रिया पळत आली नाही. जवळ येऊन वाकली आणि म्हणाली, "नमस्कार आजी."

सुमतीबाईंचं डोकंच फिरलं. "शिकवलंस वाटतं? सुमी म्हणायचं नाही म्हणून?"

"मी कशाला शिकवू?" ऋजुता तडकली. "प्रत्येक वेळी माझ्यावर काय ढकलता?"

सलिल फोन आल्यासारखा बाहेर गेला. त्या दिवशी त्या न जेवता घरी आल्या आणि चहाच्या वेळी बिस्किटांचा डबा उघडला. वरच्या सगळ्या बिस्किटांचा एकेक कोपरा कुरतडलेला होता. श्रिया तशीच खायची. कोपरा खायचा आणि बाकी परत डब्यात. उंदीर असेल, असं म्हणून त्यांनी पिंजरा लावला. उंदीर सापडला नाही. बिस्किटांचे कोपरे मात्र जात राहिले, आणि पुढे पुढे सुमतीबाई डबा मुद्दाम उघडा ठेवू लागल्या.

संक्रांतीच्या सुमारास बरणीतल्या वेलीला नवं पान आलं. त्याच्या देठाजवळ डाव्या बाजूला एक काळा ठिपका होता. कीड असेल म्हणून त्यांनी भिंग आणलं, कापसाने पुसून पाहिलं. निघाला नाही. श्रियाच्या डाव्या कानाखाली असाच तीळ होता.

रविवारी काचघरात तिळगूळ देताना त्यांनी नातीचे केस मागे सारले. कानाखालची कातडी कोरी होती. श्रियाने तिळगूळ हातात घेतला, थँक्यू म्हणाली आणि तसाच धरून उभी राहिली.

घरी परतल्यावर त्या चप्पलसुद्धा न काढता ओट्याशी गेल्या. ऊन अजून खिडकीत होतं. त्यांनी पाठ वळवली, आणि मागून अगदी जवळून हाक आली.

"सुमी."

त्या घाबरल्या, हे खरं. पण घाबरण्याच्या आधी त्यांना आनंद झाला, हेही खरं.

मेळ्याच्या शेवटच्या रविवारी त्यांनी बरणी कापडी पिशवीत घातली. परत द्यायची म्हणूनच घातली. वाटभर मनाला तेच बजावलं.

भिंतीवरच्या बाकीच्या वेली छताला पोचल्या होत्या. श्रियाची वेल पहिल्या दिवशी होती तेवढीच होती.

"वाळली नाहीये, नुसती थांबलीय," प्रियांका म्हणाली. "शेंडा कुणीतरी खुडलाय बघा, काकू. तो परत आणून लावला तर धरेल कदाचित."

सुमतीबाईंनी खांद्यावरची पिशवी जवळ ओढून घेतली.

ऋजुता त्यांना बाजूला घेऊन गेली. तिचे डोळे सुजले होते. "आई, श्रिया हसत नाही, रडत नाही. डॉक्टर म्हणतात सगळं नॉर्मल आहे. मी चुकले असेन. पण तिला घेऊन आम्ही परत येतो ना डोंबिवलीला. तुमच्याकडे ती बरी होईल."

दिवाळीपासून हेच ऐकायला सुमतीबाईंचे कान आसुसले होते. त्यांनी श्रियाकडे पाहिलं. ती टापटीप, शहाणी, कुणाचीही असावी अशी उभी होती.

त्यांनी बरणीसाठी पिशवीत हात घातला.

आतून त्यांचं बोट कुणीतरी धरलं. लहानशा, गरम, चिकट मुठीने.

"सुमी, घरी चल ना."

सुमतीबाईंना स्वतःची लाज वाटली. ती गिळता आली, याचीही वाटली.

"आत्ता नको गं, ऋजुता," त्या म्हणाल्या. "घरात पसारा आहे."

बाहेर पडून त्यांनी एकदाच मागे पाहिलं. काचेला ओळीने मुलं चिकटली होती, वाफ सोडून चित्रं काढत होती. त्यांत श्रियाही होती. ती तोंडाचा मोठ्ठा आ करून काचेवर श्वास सोडत होती. पुन्हा पुन्हा सोडत होती.

तिच्यासमोरची काच स्वच्छ होती.

रिक्षात बसल्यावर त्यांनी बरणी मांडीवर घेतली आणि ऊन लागू नये म्हणून पदर धरला. बरणीची काच आतून धुरकट झाली, निवळली, पुन्हा धुरकट झाली.