घाबरट मास्तरीण

गाडीचं दार उघडून तो आत बसला, तेव्हा चिमी डोळे मिटून, छातीवर हात ठेवून मोठे मोठे श्वास घेत होती.

"बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

ती दचकली. शेजारी स्टिअरिंगसमोर चाळिशीकडे झुकलेला एक माणूस बसला होता. शर्टाला कडक इस्त्री, पण बटणं एक घर चुकवून लावलेली. दोन्ही हात त्याने मांड्यांखाली दाबून धरले होते, जणू स्टिअरिंगला हात लावला तर ते चावेल.

"तुम्हीपण शिकायलाच आलात ना?" त्याने विचारलं.

आणि काय झालं कोण जाणे... चिमीच्या तोंडून निघून गेलं, "हो."

खरं तर ती शिकवायला आली होती. ड्रायव्हिंग स्कूलमधला तिचा पहिला दिवस, आणि हा तिचा पहिला विद्यार्थी. मालकांनी तिला स्वच्छ सांगितलं होतं, "हा गडी लायसन्सच्या परीक्षेत पास झाला तर तुम्ही कायम. नाहीतर राम राम."

"नवीन बाई आल्यात म्हणे," तो हळूच म्हणाला. "फार कडक आहेत, मालक सांगत होते."

"कडक?" चिमीने विचारलं.

"माझी तर रात्रभर झोप उडालीये."

"माझीपण," ती म्हणाली. हे मात्र अगदी खरं होतं.

मग दोघं त्या कडक बाईंची वाट बघत बसली. तेवढ्यात त्याने सगळं सांगून टाकलं. त्याचा फोटो स्टुडिओ होता, पण जो तो खिशात कॅमेरा घेऊन फिरू लागल्यावर तिथे काळं कुत्रं फिरकेना. बायको तर त्याआधीच सोडून गेली होती, भांडण न करता, 'आपलं जमत नाही' एवढंच म्हणून. आता गावाच्या वाचनालयाने त्याला नोकरी देऊ केली होती. पुस्तकांची व्हॅन घेऊन वस्त्यावस्त्यांवर जायचं. काम मनासारखं होतं. अडचण एकच, व्हॅन आपोआप चालत नव्हती.

काचेवर टकटक झाली. बाहेर मालक उभे होते. "काय मॅडम, गाडी काय नुसती शोभेला दिलीये? शिकवा की त्यांना!"

चिमीचे कान तापले. शेजारच्याने तिच्याकडे पाहिलं, मग मालकांकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"म्हणजे... त्या कडक बाई..."

"मीच." तिने नजर खाली घातली. "तुम्हाला दुसरे मास्तर हवे असतील तर सांगा. मी मालकांना..."

"छे हो!" तो एकदम हसला, आणि त्याचे हात पहिल्यांदाच मांड्यांखालून बाहेर आले. "न घाबरणाऱ्या माणसांची मला फार धास्ती वाटते. ती कुठेही गाडी घालतात."

चिमी हे तिचं घरचं नाव, आणि आता त्या नावाने हाक मारणारी फक्त आत्या उरली होती. लग्नाची सगळी वर्षं चिमी नवऱ्याच्या विजेच्या सामानाच्या दुकानात गल्ल्यामागे बसली होती. नवऱ्याचं एक पालुपद होतं, 'तुला नाही जमणार.' बिल करताना, पाहुण्यांशी बोलताना, सगळीकडे तेच. आधी हळू म्हणायचा, मग मोठ्याने, मग गिऱ्हाइकांसमोर ओरडून. घटस्फोट घेऊन ती आत्याकडे आली आणि खोलीत पडून राहिली. आत्याची हयात नर्स म्हणून गेली होती, त्यामुळे तिला रडणाऱ्या माणसांचं कौतुक नव्हतं. ती म्हणाली, "रड बाई, मन भरून रड. पण पोटापाण्याचं बघ आणि मग रड." चिमीला बाकी काही येवो न येवो, गाडी उत्तम यायची. नवऱ्याच्या घरात ती एकच गोष्ट तिने चोरून शिकली होती.

शिकवणी सुरू झाली.

"क्लच हळू सोडा... हळू..."

"तुम्ही बोलत राहा. म्हणजे आपोआप हळू सुटतो."

"रस्त्याकडे बघा."

"बघतोय की. पण आरशात बघताना तुम्ही डोळे बारीक करता. फोटो काढला तर छान येईल."

"समोर म्हैस आहे!"

"फोटो तिचाही छान येईल," तो म्हणाला आणि गाडी बंद पडली.

चिमीला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. आणि हसता हसताच ती चपापली. हे काय होतंय आपल्याला? सकाळी निघताना ती दोनदा केस विंचरू लागली होती. आत्याच्या नजरेतून काय सुटणार! "क्लच शिकवायला अत्तर लागतं वाटतं हल्ली?" आत्याने विचारलं, आणि चिमी चप्पल घालायचं सोडून आत पळाली.

तिला भीती वाटत होती. पहिल्या वेळीही असंच झालं होतं ना? नवराही आधी गोडच बोलायचा. माणूस पुढे कसा निघेल, हे कोणी सांगावं? त्यापेक्षा नकोच ते. ती ठरवायची, उद्यापासून फक्त गिअर आणि ब्रेक. आणि दुसऱ्या दिवशी तो विचारायचा, "आज मास्तरीणबाईंचा मूड कसा आहे?" की ठरवलेलं सगळं वाऱ्यावर.

मग तो पुलावरचा दिवस उजाडला. भुरभुर पाऊस होता, काचेवरचे वायपर कुईकुई करत होते. पुलाच्या ऐन चढावर पुढचा ट्रक थांबला. त्याने गाडी थांबवली, पण पुन्हा निघताना क्लच सुटला आणि गाडी मागे घसरू लागली. मागे एक बाई स्कूटरवर होती, पुढे छोटी मुलगी उभी. चिमीने आपल्या बाजूचा ब्रेक जीव खाऊन दाबला. गाडी थांबली. स्कूटर वीतभर अंतरावर होती.

आणि चिमी ओरडली, "अक्कल आहे का? तुम्हाला नाही जमणार! कधीच नाही जमणार!"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण चिमी त्याच्याकडे बघतच नव्हती. ती ऐकत होती. तेच शब्द, तोच सूर... नवऱ्याचा आवाज तिच्या तोंडातून आला होता.

त्या दिवशी तिने गाडी स्वतः परत आणली, आणि मालकांना सांगितलं, यांना मोठ्या मास्तरांकडे द्या. नोकरी गेली तरी चालेल. मोठे मास्तर म्हणजे गाडी सुरू होताच घोरायला लागणारे गृहस्थ. पण निदान ते कोणावर ओरडत तरी नव्हते.

"इतकी वर्षं मला त्याची भीती वाटायची," ती आत्याला म्हणाली. "आता माझीच वाटतेय. तो माझ्यात शिरून बसलाय गं."

आत्या भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. "चिमे, वॉर्डात मी कितीदा ओरडलेय माहितीये? जीव जायची वेळ आली की माणूस ओरडतं. ओरडून झाल्यावर काय करतं, ते बघायचं. तू काय केलंस?"

"पळून आले."

"मग चुकलं ते तिथे," आत्या म्हणाली आणि पुन्हा भाजीकडे वळली.

परीक्षा जवळ आली. चिमी त्याला टाळत होती. तो दिसला की ती फायलींच्या कपाटामागे जायची. एके दुपारी तोच कपाटामागे येऊन उभा राहिला.

"इथे जागा कमी आहे," तो म्हणाला, "पण मोठ्या मास्तरांच्या घोरण्यापेक्षा बरं."

तिला हसता येईना.

"खरं सांगू? तुम्ही ओरडलात तेव्हा मी घाबरलो. चांगलाच घाबरलो. पण नंतर तुम्ही तोंड लपवलंत ना... तेव्हा त्याहून जास्त घाबरलो. वाटलं, हीसुद्धा न भांडताच जाणार."

चिमीने वर पाहिलं. त्याने दोन्ही हात काखांत घट्ट दाबून धरले होते. हा माणूसही तिच्याइतकाच जीव मुठीत धरून उभा आहे, हे तिला इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कळलं.

"तो आवाज माझा नव्हता," ती म्हणाली. आणि मग नवरा, दुकान, गल्ला सगळं बाहेर आलं, अडखळत, तुकड्या-तुकड्याने. त्याने सगळं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "ओरडून झाल्यावर ते कधी माफी मागायचे?"

"कधीच नाही."

"मग तुम्ही मागून बघा. आवाज कोणाचा ते आपोआप कळेल."

"माझं चुकलं. तुम्हाला जमेल. चढावर गाडी कशी काढायची ते मी नीट शिकवलंच नव्हतं... उद्या शिकवते."

"सकाळी लवकर?"

"लवकर."

तो पास झाला. काठावर, पण झाला. गाडी मागे घेताना एक खांब इतका जवळून गेला की कुंपणाबाहेर उभ्या चिमीने डोळेच मिटून घेतले. मालकांनी तिला कायम केलं आणि वर सांगितलं, "मला पहिल्यापासून खात्री होती."

पहिल्यांदा व्हॅन काढायची त्या सकाळी तो आत्याच्या दारात हजर. "एकट्याने नाही हो जमणार. फक्त आजच्या दिवस या."

"माणूस 'फक्त आज' म्हणाला की ते रोजचं समजावं," आत्या आतून म्हणाली. "जा गं. मी दाराला कडी लावून घेते."

व्हॅनमध्ये चिमीच्या पायाशी ब्रेक नव्हता. वळण आलं की तिचा पाय नुसताच जमिनीवर दाबला जायचा. तिच्या हातात काहीच नव्हतं... तो गाडी चालवत होता आणि ती नुसती बसली होती. भीतीने हात गार पडले होते, तरीही तिने 'थांबवा' म्हटलं नाही. चढ आला. गाडी क्षणभर थबकली, आणि सरळ वर गेली. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. रस्त्याकडेच पाहिलं. तिला त्याचं तेच इतकं आवडलं की तिने तोंड खिडकीकडे फिरवलं.

पहिला थांबा वृद्धाश्रमाचा होता. फाटकात बरीच मंडळी जमली होती. तो मागचं दार उघडून पुस्तकांचे गठ्ठे उतरवू लागला, चिमी ते मांडू लागली. जाड चष्म्याच्या एका आजींनी रहस्यकथा मागितली, "खून पहिल्या पानावर असला पाहिजे, मला वेळ कमी आहे." मग त्यांनी चिमीला आपादमस्तक न्याहाळलं.

"हे तुमचे मिस्टर का?"

नाही म्हणणं किती सोपं होतं! हसून सोडून देणं त्याहून सोपं. गठ्ठा उचलता उचलता तो पाठमोरा थांबला होता, आणि त्याची मान ताठ झाली होती.

"अजून नाही," चिमी म्हणाली.

धाडकन आवाज झाला. सगळी पुस्तकं मातीत. तो वळला. कान लालबुंद, तोंड उघडं, एक पुस्तक अजून काखेत.

"अहो, पुस्तकं!" आजी ओरडल्या.

"उचलतो, उचलतो," तो म्हणाला. पण खाली न वाकता सरळ चिमीसमोर येऊन उभा राहिला. "अजून म्हणजे... साधारण कधी?"

"मला फार भीती वाटतेय," ती म्हणाली.

"मलापण." त्याने हात पुढे केला. तोही गारठलेला होता.

तिने तो धरला.