पाठाखालचा आवाज

पारनेरहून नगरला येणाऱ्या एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या सीटजवळ एक तरुण गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून तोल सांभाळत होता. मी सरकले.

"बसा. बाळाला ऊन लागेल."

"लई उपकार झाले," तो बसला आणि हळूच हसला. "पन हे बाळ रडत न्हाई... बोलतं."

त्यानं गोधडी बाजूला केली. आत टेपरेकॉर्डर! मी इतकी दचकले की मागच्या आजीबाईंनी विचारलं, "काय गं, विंचू हाय का?"

त्याचं नाव गहिनीनाथ. माळीवाड्यात रेडिओ दुरुस्तीचं दुकान. नगर येईपर्यंत मला एवढं कळलं, आणि त्याला कळलं की मी मनकर्णा, कॉलेजात अर्थशास्त्राची नवी प्राध्यापिका.

दुसरा धक्का सोमवारी वर्गात बसला. हजेरीपटावर बासष्ट नावं, समोर अकरा मुलं.

"बाकीचे?"

"दुष्काळी कामावर, म्याडम. सुप्याच्या पुढं पाझर तलावावर खडी फोडत्यात."

त्र्याहत्तर सालचा जानेवारी होता तो. एप्रिलमध्ये परीक्षा. प्राचार्य म्हणाले, "हजेरी भरली नाही, तर एक्कावन्न जणांचं वर्ष गेलं. नियम आहे."

"वर्ग इथे येऊ शकत नसेल, तर पाठ तिकडे पाठवू या सर. टेपवर."

"यंत्र शिकवणार? मग तुम्ही कशाला?"

"यंत्राला प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, सर. त्यासाठी दर रविवारी मी जाईन."

त्यांनी चष्मा पुसला. "महिनाभर करा. शेवटच्या रविवारी मी येईन. मुलं शिकलेली दिसली, तरच हजेरी धरीन."

मग दर शनिवारी संध्याकाळी मी गहिनीनाथच्या दुकानात बसून तासभराचा पाठ बोलू लागले. रविवारी आम्ही एसटीनं तलावावर जायचो. मुकादमाच्या ट्रकची बॅटरी आणि लग्नातला भोंगा जोडला, की जेवणाच्या सुट्टीत खडीच्या ढिगांवर वर्ग भरायचा. टेप मात्र एकच होती. नवं बोललं, की जुनं पुसलं जायचं.

"मागचा पाठ पुसताना जीव तुटतो, मॅडम," गहिनीनाथ एकदा म्हणाला.

"अर्थशास्त्र आवडायला लागलं वाटतं?"

"मागनी-पुरवठा काय कळला न्हाई... आवाज तेवढा कळतो."

मी वही चाळू लागले. ती उलटी धरली होती, हे नंतर लक्षात आलं.

शेवटच्या शनिवारी माझा घसा बसला. पाठ दहा मिनिटं आधीच संपवला.

रविवारी प्राचार्य आले. मुकादमानं त्यांना खुर्ची दिली. भोंग्यातून "आजचा पाठ इथे संपला" ऐकू आलं आणि प्राचार्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "इच्छा आणि मागणी यांत फरक काय?"

धुळीनं माखलेला सहादेव उठला. "गूळ खावा वाटनं ही इच्छा, सर. त्याच्यासाठी खिशातलं काढून द्यायची तयारी, ती मागनी."

प्राचार्यांची मान हलली. माझा जीव भांड्यात पडतोय, तोच भोंगा खरखरला. यंत्र बंद करायचं राहूनच गेलं होतं...

"एक, दोन, तीन. मनकर्णाबाई... न्हाई, मॅडमच बरं. मॅडम, मी मॅट्रिक नापास मानूस. तुमच्यापुढं जीभ वळत न्हाई, म्हनून सराव करतोय. एसटीत तुमी जागा दिली, त्या दिवसापासून... हॅट, ह्ये बी बरं न्हाई. परत. एक, दोन, तीन. मॅडम, तुमी माझ्याशी लगीन कराल का?"

टँकरपाशी गहिनीनाथच्या हातातली बादली पडली. तो धावत आला.

"पुसतो, मॅडम! आत्ता पुसतो! दर शुक्रवारी टेपच्या शेवटाला बोलायचो आन दर शनिवारी तुमचा पाठ त्याच्यावर चढायचा... काल कमी पडला हो!"

दर शुक्रवारी? म्हणजे महिनाभर माझ्या प्रत्येक पाठाखाली...? प्राचार्य खुर्चीतून उठले होते. एक्कावन्न मुलं माझ्याकडे बघत होती.

"सर, चूक माझी," मी कसंबसं म्हणाले. "मुलांची हजेरी तेवढी..."

"हजेरी मी केव्हाच धरली. तो गूळ माझ्या वर्गात कुणाला कळला नव्हता." त्यांनी भोंग्याकडे बोट दाखवलं. "पण त्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच द्यायचं. यंत्राला ते येत नाही, असं तुम्हीच म्हणाला होता."

"दे की गं पोरी!" पाटी बाजूला ठेवत खडी वाहणारी बायडाबाई ओरडली. "सुट्टी संपत आली!"

गहिनीनाथ मान खाली घालून उभा होता. बोटं बटणावर. मी ती अलगद बाजूला केली, माईक उचलला आणि रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं. चाकं फिरू लागली.

"हो," मी म्हणाले. बसलेल्या घशातून जेमतेम आवाज निघाला. "पुढच्या रविवारी माझ्या आईला विचारायला या."

मग बटण सोडलं आणि फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाले,

"आणि हे... हे मात्र पुसू नका."