पडद्यावरचा बर्फ गळतोय!

"बर्फ पडलाय! बाहेरच्या खोलीत बर्फ पडलाय!"

इकुमाची आरोळी ऐकून फुमिनो तोंडातला ब्रश न काढताच धावली. क्योतोतला ऐन जुलै महिना! अंगाला सदरा चिकटत होता आणि हा पठ्ठ्या म्हणे बर्फ पडलाय!

पण इकुमा थापा मारत नव्हता. बाहेरच्या खोलीत आजोबांचा सहा पाखांचा, लाकडी चौकटींवर कागद ताणलेला घडीचा पडदा उभा होता. त्यावर बर्फानं वाकलेले बांबू, लहानसा पूल आणि एका पायावर उभे असलेले बगळे रंगवलेले होते. पडद्याखालच्या चटईवर पांढरा भुगा सांडला होता. फुमिनोनं तो बोटानं टिपला. चित्रातला बर्फच तो! बांबूच्या शेंड्यांवरचे बारीक बारीक पोपडे सुटले होते.

गिऑनच्या उत्सवात गल्लीतली सगळी घरं रस्त्याकडच्या जाळ्या काढतात आणि आपापले पडदे मांडून ठेवतात. लोक हिंडत हिंडत बघतात. आजोबांच्या दारात मात्र लोक जरा जास्तच रेंगाळतात, कारण भर उकाड्यात बर्फ बघितला की जीव गार होतो.

एवढ्यात आजोबा आणि त्यांच्या मागोमाग शिगेमासाकाका आले. इकुमाचे बाबा. आजोबांचं ओब्यांचं, म्हणजे किमोनोवरच्या कमरपट्ट्यांचं दुकान आता तेच चालवत. त्यांनी भुगा पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, मी म्हणत होतो ना! तुमचे हात आता थरथरतात. परवा पडदा उघडताना कुठेतरी घासला असणार."

"पण काका, मी होते की!" फुमिनो म्हणाली. "दुसरं टोक मीच धरलं होतं. कुठ्ठे घासला नाही!"

"तुला काय कळतंय! बाबा, पुढच्या वर्षीपासून आपण माणसं बोलावू. तुम्ही आराम करा."

आजोबांनी आपल्या हातांकडे पाहिलं. तरुण असल्यापासून दर वर्षी हा पडदा त्यांनीच उघडला होता.

"असेल," ते हळूच म्हणाले. "लागला असेल माझा हात."

ते उठून दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. फुमिनोला भयंकर राग आला. सुट्टीसाठी ती कोबेहून यायची ती आजोबांबरोबर हा पडदा मांडायला, आणि आता काय तर म्हणे आराम करा!

दुपारी मागच्या अंगणात तिघांची सभा भरली. तिसरा म्हणजे शेजारचा रिंतारो. किसलेल्या बर्फावर हिरवं सरबत ओतून घेऊन तो आला होता, त्यामुळे त्याची जीभ हिरवीगार झाली होती.

"उंदीर!" रिंतारो म्हणाला. "शंभर टक्के उंदीर!"

"उंदीर बर्फ कशाला खाईल? तो काय तू आहेस?" फुमिनो म्हणाली.

"मग भूत!" इकुमा म्हणाला. "बर्फातली बाई!"

"ती बाई हिवाळ्यात येते रे. जुलैत आली तर वितळेल," फुमिनो म्हणाली. "हे बघा, भुगा कुठे पडतो आणि केव्हा पडतो, ते आधी शोधू. शाळेत सुलेखनाच्या तासाला कागदाखाली काळा नमदा अंथरतो ना आपण? तो आणा. काळ्यावर पांढरा कण लगेच दिसतो!"

रिंतारोनं गल्लीतल्या पोरांकडून मागून मागून आणखी नमदे जमवले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक पाखाखाली एकेक अंथरला.

"हे काय?" काकांनी भुवया चढवल्या.

"शोभा, काका!" फुमिनो साळसूदपणे म्हणाली. "काळ्यामुळे बर्फ कसा उठून दिसतो!"

"हं. खरंच की. बरं सुचलं तुला!" असं म्हणून काका खूश होऊन निघून गेले. इकुमानं हसू दाबण्यासाठी तोंडात रुमाल कोंबला.

तिघं डोळ्यांत तेल घालून पहारा करत होते. दुपारपर्यंत एक कण पडेल तर शपथ! मग पाहुणे येऊ लागले. काकांनी ऐटीत रिमोट उचलून एसी लावला. ह्याच वर्षी बसवलेला, नवाकोरा. खोली गार झाली. पाहुणे "वा! वा!" करू लागले.

आणि खांबाला टांगलेली, वाऱ्यावर वाजणारी काचेची घंटी किणकिणली.

फुमिनोनं कान टवकारले. "रिंतारो, तुमच्या दारातली घंटी वाजतेय का?"

"छे! बाहेर वाऱ्याचं नाव नाही."

पण इथल्या घंटीची कागदी पट्टी फडफडत होती आणि तिचं टोक पडद्याच्या डाव्या बाजूकडे वळलं होतं. फुमिनो वाकली. डावीकडच्या दोन नमद्यांवर पांढरे कण! बाकीचे चारही कोरे!

"सरस!" ती पुटपुटली. "आजोबांनी सांगितलं होतं मला. हा बर्फ म्हणजे शिंपल्यांची पूड. सरसानं चिकटवलेली. कोरडा वारा सारखा लागला की सरस सुकतो आणि तडकतो!"

ती धावतच काकांकडे गेली. "काका, एसी बंद करा! त्याच्यामुळेच..."

"एसीमुळे?" काका खो खो हसले. "अगं, एसीमुळे तर लोक येतायत! बाबांच्या हातानं सैल झालेलं आता पडतंय, दुसरं काय! अरे या, या, आत या!" आणि ते पुढच्या पाहुण्यांना वाकून नमस्कार करायला गेले. फुमिनोचं वाक्य तोंडातच राहिलं.

"बाबांना सांगून कळणार नाही," इकुमा म्हणाला. "दाखवावं लागेल."

फुमिनोनं काकांकडे पाहिलं. उत्सवाचा काळा हाओरी अंगरखा घालून ते छाती काढून फिरत होते. काळाभोर! एक सुरकुती नाही!

तिला युक्ती सुचली, पण लगेच ती कचरली. ह्या युक्तीपायी अजून चिमूटभर बर्फ जाणार होता. ती आजोबांकडे बघून आली. ते बाकावर बसले होते आणि हात बाह्यांत लपवले होते. मग मात्र तिचा विचार पक्का झाला.

"काका, तुमचा फोटो काढू? पडद्यासमोर! इतके रुबाबदार दिसताय!"

काका लगेच तयार! आधी ते उजवीकडे, पडद्याला अगदी लागून बसले. रिंतारोनं फोटो काढायला मुद्दाम वेळ लावला.

"हनुवटी वर! नको, खाली! हसा! थोडं कमी हसा!"

"झालं का?"

"झालं! आता डावीकडे एक!"

काका डावीकडे सरकले. घंटी किणकिणत होती. रिंतारो पुन्हा हनुवटी वर, हनुवटी खाली करत राहिला. पाहुणे कौतुकानं बघत होते. त्यात कोपऱ्यावरच्या किरिहाताबाई होत्या, गल्लीतल्या सगळ्यांत वयस्कर. त्याच एकदम म्हणाल्या,

"शिगेमासा, तुझ्या खांद्यावर बर्फ पडला की रे!"

काकांनी मान वळवली. काळ्या हाओरीवर पांढरे ठिपके! त्यांनी वर पाहिलं, तर एसीचा झोत थेट बांबूंवर आदळत होता.

"उजवीकडे बसला होतात तेव्हा एकही पडला नाही," फुमिनो म्हणाली. "पडदा उघडताना उजवं टोक आजोबांनी धरलं होतं. डावं मी धरलं होतं, काका. आजोबांचा हात ह्या बाजूला लागलाच नाही. हातानंच झालं असेल, तर मला बोला!"

इकुमानं रिमोट उचलला आणि एसी बंद केला. घंटी थांबली.

काकांचा चेहरा पडला. ते उठले आणि थेट बाहेरच्या बाकापाशी गेले. भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर कमरेत खाली वाकले.

"बाबा, चुकलं माझं. तुम्हाला उगाच दोष दिला."

आजोबांनी बाकावर सरकून त्यांना जागा करून दिली. मग म्हणाले, "मलाही खरं वाटलं होतं रे. काल रात्रभर मी हेच हात बघत बसलो होतो."

"पोरांनी मोठ्यांचे डोळे उघडले!" किरिहाताबाई म्हणाल्या. "माझ्याकडे हातपंखे पडलेत ढीगभर. जा रे पोरांनो, घेऊन या!"

पाहुणे घामाघूम झाले, पण कुणी उठलं नाही. पंखे हलवत सगळे पडद्यावरचा बर्फ बघत बसले.

"काही म्हणा, आता जास्त गार वाटतंय," एक पाहुणा म्हणाला.

आजोबा आत आले. त्यांनी पडदा निरखला आणि हात बाह्यांतून बाहेर काढले. ते थरथरत होतेच.

"फुमिनो, हा झाकून ठेवू आणि नीट करायला देऊ. डावं टोक धर."

"आणि पुढच्या वर्षी, आजोबा?"

"पुढच्या वर्षी उजवं टोक धरायचं," आजोबा म्हणाले. "ते जास्त अवघड आहे. मी शिकवतो तुला."