‘येतो’ नावाचं बटण

वेब सर्व्हरइतका विसराळू प्राणी मी दुसरा पाहिला नाही. पहिल्या पानावर नाव सांगा, दुसरं पान मागायला गेलात की पुन्हा, आपण कोण? १९९८ साली सांगलीत मी रक्तदात्यांसाठी एक साइट बांधत होते, तेव्हा या विसराळूपणानं माझं डोकं पार उठवलं होतं. शेवटी सगळे करतात तोच उपाय केला. येणाऱ्याला सर्व्हरनं एक नंबर द्यायचा, ब्राउझरनं तो चिठ्ठीसारखा जवळ ठेवायचा आणि प्रत्येक पान मागताना दाखवायचा. नंबर पाहिला की सर्व्हर माणूस ओळखणार आणि पानाच्या वर अक्षरं येणार, ‘या, अमुक’. निघताना ‘जातो’चं बटण दाबलं की नंबर रद्द.

हे बटण नानासोंना पटेना. नानासो तासगावचे, रिटायर फौजी. आमच्या ऑफिसात बसून दात्यांना गोळा करायचं काम ते हौसेनं करत. त्यांचा स्वतःचा गट ओ निगेटिव्ह, शंभरात एखाद्याचाच सापडणारा.

“आवं मायाबाई, घरातनं निघताना जातो म्हनतंय का कोन? येतो म्हनावं.”

“नानासो, ते मशीन आहे. त्याला काय कळतंय?”

“त्येला न्हाई कळत. मला कळतंय की!”

म्हातारा बटणाला हातच लावेना. वैतागून मी ‘येतो’ लिहिलं. मग मलाही चेव चढला. येतो म्हणणाऱ्याचा नंबर रद्द कशाला करायचा? सर्व्हरला सांगून टाकलं, याची जागा राखून ठेव. नानासो जाम खूश. रोज संध्याकाळी निघताना ते बटण दाबत आणि तोंडानंही मोठ्यांदा “येतो” म्हणत.

त्या थंडीत ते झोपेतच गेले. त्यांचा नंबर पुसायला मी बसले आणि तशीच उठले. आमचं घर वडूजचं, बौद्ध. भुतंखेतं, अंगात येणं हे सगळं वडिलांनी कधीच उंबऱ्याबाहेर काढलेलं. नंबर राहिला तो फक्त माझा जीव होईना म्हणून.

एप्रिलमध्ये माझी धाकटी बहीण प्रियंका मिरजेला बाळंत झाली. मुलगी झाली, आणि प्रियंकाचं रक्त थांबेना. तिचाही गट ओ निगेटिव्ह. रक्तपेढीतल्या राजेश्वरीचा चेहरा उतरला होता. “होती ती पिशवी दिली, मॅडम. अजून एक लागणार. लगेच.”

पेढीतल्या कॉम्प्युटरवर मी साइट उघडली. मशीन नवंकोरं. आदल्या दिवशी खोक्यातून काढून मीच जोडलेलं, त्यावर साइट अजून कुणी पाहिलेलीही नव्हती. मॉडेम केकाटला, लाइन लागली.

‘या, नानासो.’

मला आधी रागच आला, स्वतःचा. काहीतरी घोळ घातलास, माया! चिठ्ठ्यांची फाइल उघडून बघितली. रिकामी. ब्राउझर बंद केला, लाइन तोडली, परत जोडली. टेबलावर दुपारचं ऊन होतं, फिनेलचा वास होता, डोक्यावर पंखा खरखरत होता.

‘या, नानासो.’

असू दे कुणाच्याही नावानं, मला दाता हवा होता. दुसरं पान मागितलं. तिथं रुग्णाचं नाव आणि रक्तगट आपण भरायचा. पान आलं ते भरलेलंच. प्रियंका. ओ निगेटिव्ह.

तिसरं पान मी मागितलं नाही. ते आपणच आलं. कुठं हवंय? मिरज.

माझे दोन्ही हात मांडीवर होते.

कोपऱ्यातलं ‘येतो’ दबलं आणि पान गेलं.

मग मी फोनच फोन लावत सुटले. कुणी पुण्याला, कुणाचा नुसता वाजतोय. तेवढ्यात राजेश्वरी धावत आली.

“मिळालं मॅडम! दाता येऊन देऊन गेलासुद्धा. जुळलं, पिशवी वर पाठवली.”

मी तिला मिठीच मारली. “अगं, कोण होते? हात तरी जोडू दे मला!”

“नाव विचारलं, तर माझ्यावरच चिडले. मगाशी सांगितलंय की पोरी, किती येळा इचारताय, म्हणाले. मगाशी तर कुणी आलंच नव्हतं, मॅडम.”

मी वर धावले. पिशवी अर्धी उतरली तसा प्रियंकाच्या ओठांवर रंग आला. मला रडूच फुटलं. एवढे उपकार आयुष्यात कुणाचे घेतले नव्हते, आणि फेडायचे तर कुठं जाऊन? बाई गं, तुझी बहीण वाचली, आणखी काय पाहिजे तुला, असं मी स्वतःलाच सांगत होते.

प्रियंकानं डोळे उघडले. “ताई, बाळ?”

“लय गोड हाय. आईच्या मांडीवर झोपलंय.”

ती हसली. मग मान पलीकडं वळवली आणि हळूच म्हणाली, “मग त्यांना बसाय दे की गं काहीतरी. मगाधरनं उभंच हायत.”

मी स्टूल उचललं आणि खाटेच्या त्या बाजूला न्यायला निघाले. ठेवायला जागा नव्हती. त्या बाजूनं खाट भिंतीला टेकलेली होती.